मोटारींचे काळे प्लॅस्टिक पांढुरके का पडते?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, म्हैसूरमध्ये आयुधपूजा होते. राजवाड्यात राजघराण्याची शस्त्रे, हत्ती, घोडे आणि वाहने पूजली जातात. शहरात रिक्षांपासून बसगाड्यांपर्यंत वाहने धुऊन, शेवंतीच्या माळा घालून आणि पुढे केळीचे खुंट बांधून उभी केली जातात. महाराष्ट्रात खंडेनवमीला व दसऱ्याला झेंडूची फुले वाहून जे होते, तेच येथे अधिक थाटाने होते. साहजिकच त्याआधीच्या आठवड्यात गाड्या धुणाऱ्यांना आणि पॉलिश करणाऱ्यांना उसंत नसते.

परंतु या लखलखाटात मोटारीचा एक भाग मागेच राहतो. चाकांवरील कमानी, दारांच्या खालच्या कडा, बंपरची खालची बाजू, वायपरखालची जाळी येथील काळे प्लॅस्टिक काही वर्षांत राखाडी दिसू लागते आणि कितीही घासले तरी पूर्ववत होत नाही. ओले फडके फिरवले की क्षणभर काळेभोर, वाळले की पुन्हा पांढुरके. त्यावर दुकानांतील बाटल्यांपासून घरगुती तोडग्यांपर्यंत नाना उपाय सुचविले जातात. त्यांतील काही निरुपद्रवी आहेत, काही खरोखरच उपयोगी आहेत, आणि काहींमुळे पुढे योग्य उपचार करणेही अवघड होऊन बसते. कोणता उपाय कोणत्या गटात मोडतो हे ठरविण्यासाठी आधी त्या प्लॅस्टिकचे नेमके काय होते, हे पाहावे लागते.

पोलादी बंपर ते काळी पट्टी

अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या मोटारींचे बंपर पोलादाचे, क्रोमचा मुलामा दिलेले असत. ते गंजत, पोचे पडून वाकत, पण उन्हाने त्यांचा रंग उडण्याचा प्रश्न नव्हता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढील दीड-दोन दशकांत प्लॅस्टिकचे बंपर सर्वत्र रूढ झाले. महाग आवृत्तीला गाडीच्या रंगाचा बंपर आणि स्वस्त आवृत्तीला रंग न दिलेला काळा किंवा राखाडी, असा भेदही त्याबरोबर आला. २०१२ मध्ये भारतात दाखल झालेल्या रेनो डस्टरनंतर रांगड्या दिसणाऱ्या आटोपशीर एसयूव्हींची लाट आली आणि चित्र पालटले. पूर्वी जी काळी पट्टी काटकसरीची खूण होती, तीच आता रुबाबाची खूण ठरली. आज अगदी लहान मोटारीलाही चाकांभोवती काळ्या प्लॅस्टिकची चौकट दिलेली आढळते.

कारखानदाराच्या दृष्टीने हा व्यवहार सोयीचा आहे. रंगीत भागाला साच्यातून काढल्यानंतर अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक थर असे अनेक टप्पे पार करावे लागतात. काळा भाग मात्र साच्यातून निघतो तोच तयार असतो, कारण त्याचा रंग वरून दिलेला नसून प्लॅस्टिकच्या अंगातच मुरवलेला असतो. ओरखडे लपावेत म्हणून साच्यालाच चामड्यासारखी दाणेदार नक्षी दिलेली असते. तथापि रंगीत पत्र्याला पारदर्शक थराचे जे संरक्षण मिळते, ते या भागाला मिळत नाही. तो उघडाच राहतो.

हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये या पदार्थाचे सुव्यवस्थित रेणुरचनेचे, स्फटिकी रूप तयार केले. अशा बहुवारिकांवरील संशोधनाबद्दल नाट्टा आणि जर्मनीचे कार्ल झिग्लर यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारीसाठी या प्लॅस्टिकमध्ये ठोकर सोसण्यासाठी रबर, कडकपणासाठी शंखजिऱ्याची पूड आणि काळ्या रंगासाठी काजळी मिसळतात. गाडीवरून उतरविलेला भाग उलटा करून पाहिल्यास साच्यातच उमटविलेली एक खूण सहसा दिसते. तेथे ‘पीपी’, ‘ईपीडीएम’ आणि ‘टीडी २०’ अशा अर्थाची अक्षरे असल्यास तो भाग पॉलिप्रॉपिलीन व रबर यांच्या मिश्रणाचा असून त्यात वीस टक्के शंखजिरे आहे, असे समजावे. शंखजिरे स्वभावतः पांढरे असते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

उन्हाचा मारा

म्हैसूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सव्वाबारा अंशांच्या आसपास आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये तेथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये ढगांचा आडोसा असतो, एप्रिलमध्ये तो नसतो. उंची वाढत जाते तशी हवा विरळ होऊन अतिनील किरणांचे प्रमाणही वाढते. हजार मीटरला ही वाढ साधारण दहा टक्के धरली जाते. म्हैसूरची हवा सुखद मानली जाते, परंतु प्लॅस्टिकला सुखद वाऱ्याचा उपयोग नसतो. त्याच्या दृष्टीने हे शहर कडक उन्हाचेच. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूर येथील वाहनधारकांची स्थितीही फारशी वेगळी नाही.

सूर्यप्रकाशातील सुमारे २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन हे किरण फारसे शोषून घेत नाही. परंतु उत्पादनाच्या वेळी राहिलेले उत्प्रेरकाचे कण आणि साच्यातील उष्णतेने निर्माण झालेले ऑक्सिजनयुक्त गट ते शोषतात, आणि तेथूनच बिघाडाला आरंभ होतो. या प्लॅस्टिकच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बन अणूवर असा एक हायड्रोजन असतो की जो तुलनेने सहज निघून जातो. तो निघाला की रिकाम्या जागी हवेतील ऑक्सिजन येऊन बसतो, त्यातून अस्थिर पेरॉक्साइड तयार होते, ते फुटून साखळी तुटते आणि तुटताना शेजारच्या साखळीतील हायड्रोजन ओढून घेते. एकदा सुरू झालेली ही क्रिया अशी स्वतःच स्वतःला पुढे नेते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे काळे प्लॅस्टिक हात टेकवत नाही इतके तापते, त्यामुळे तिचा वेगही वाढतो.

याला अटकाव करण्यासाठी प्लॅस्टिकमध्ये अल्प प्रमाणात स्थिरक रसायने घातलेली असतात. १९७० च्या दशकापासून प्रचारात आलेले अमाइन वर्गातील प्रकाशस्थिरक यांत सर्वांत प्रभावी मानले जातात. साखळी तोडणाऱ्या मुक्तमूलकांना ते निकामी करतात आणि त्या क्रियेत स्वतः पुन्हा पूर्वरूपात येतात, त्यामुळे अल्प मात्राही वर्षानुवर्षे पुरते. मात्र पृष्ठभागावरील साठा केव्हा तरी घटतोच. त्यानंतरची घसरण वेगाने होते. म्हणूनच चार वर्षे ठीक दिसलेला भाग पाचव्या वर्षी एकाएकी म्हातारा झाल्यासारखा वाटतो.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. काजळी स्वतःच अतिनील किरण उत्तम शोषते, मग तिच्या संरक्षणाखालील प्लॅस्टिक पांढरे का पडावे? याचे उत्तर काजळीच्या प्रमाणात व बारकाईत आहे. पिण्याच्या पाण्याच्या पॉलिएथिलीन नळ्यांसाठीच्या भारतीय मानक ४९८४ नुसार काळ्या नळीत काजळीचे प्रमाण अडीच टक्के, अधिक-उणे अर्धा टक्का, असावे लागते आणि ती एकसारखी विखुरलेली असावी लागते. शेतात उघड्यावर पडलेल्या काळ्या नळ्या वर्षानुवर्षे टिकतात त्या यामुळेच. मोटारीच्या पट्टीत काजळी मुख्यतः रंगापुरती असते आणि तिचे प्रमाण कारखान्यानुसार बदलते. शिवाय काजळी कितीही असली तरी सर्वांत वरच्या, मायक्रॉनभर जाडीच्या पापुद्र्याला कोणाचाच आडोसा नसतो. टायरची गोष्ट निराळी आहे. म्हैसूरमध्येच जेके टायरचा, म्हणजे पूर्वीच्या विक्रांत टायर्सचा, कारखाना आहे. मोटारीच्या टायरमध्ये वजनाने साधारण चौथा हिस्सा काजळीच असते, म्हणून टायर झिजतो, भेगाळतो, पण पट्टीसारखा पांढरा पडत नाही.

म्हैसूरची आणखी एक ओळख येथे सहज आठवते. मतदाराच्या बोटाला लावली जाणारी न पुसणारी शाई येथील म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या सरकारी कंपनीत तयार होते. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत १९३७ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याची शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. त्या शाईतील सिल्व्हर नायट्रेट त्वचेवरील क्षाराशी संयोग पावून प्रकाशात काळे पडते. एकाच उन्हात मतदाराचे बोट काळे होते आणि त्याच्या गाडीचा बंपर पांढरा. क्रिया वेगळ्या आहेत, पण दोन्हींची सुरुवात प्रकाशानेच होते.

रंग गेलेला नसतो

तुटलेल्या आखूड साखळ्या मोकळ्या झाल्याने एकमेकींलगत दाटीने रचल्या जातात, त्यामुळे पृष्ठभाग आकसतो. खालचा धड भाग मात्र आकसत नाही. परिणामी वरच्या थराला उन्हाळ्यातील तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात. या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि बिघडलेला थर आरंभी केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. भागाची एकूण जाडी दोन-तीन मिलिमीटर असते, तेव्हा बाधा वरवरचीच म्हणायची.

मग तो पांढरा का दिसतो? काच पारदर्शक असते, पण तिचा चुरा पांढरा दिसतो. कारण चुऱ्यातील प्रत्येक कणाच्या कडेवरून थोडा-थोडा प्रकाश परततो. प्लॅस्टिक आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवरून प्रकाशाचा सुमारे चार टक्के भाग परावर्तित होतो. सपाट पृष्ठभागाला अशी एकच सीमा असते, भेगाळलेल्या पृष्ठभागात त्या असंख्य असतात. आत काजळी आहेच, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा प्रकाश विखरून बाहेर येतो. त्यातच वरचे प्लॅस्टिक झडून उघडे पडलेले शंखजिऱ्याचे पांढरे कण भर घालतात.

ओले फडके फिरवल्यावर पाणी भेगांत शिरते आणि हवेला हुसकावते. प्लॅस्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १ आहे. पाणी व प्लॅस्टिक यांच्या सीमेवरून केवळ ०.३ टक्क्याच्या आसपास प्रकाश परततो, म्हणून काळेपणा पुन्हा दिसतो. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा गडद दिसते किंवा तेल चोपडलेली पाषाणाची मूर्ती काळीभोर दिसते, त्यामागेही हेच कारण आहे.

या एका निरीक्षणातून वाहनधारकाला फुकटात निदान करता येते. भाग साबणाने स्वच्छ धुऊन वाळवावा आणि नंतर त्यावर पाण्याचा हात फिरवावा. तो ओला असताना एकसारखा काळा दिसला, तर काजळी शाबूत आहे आणि उपचाराला वाव आहे. ओला असतानाही डाग कायम राहिले, तर ते बहुधा प्लॅस्टिकचे नसून त्यावर चिकटलेल्या पदार्थाचे आहेत. त्यात पहिला संशय पॉलिशवर घ्यावा. पत्र्याला लावलेले पॉलिश किंवा मेण शेजारच्या दाणेदार प्लॅस्टिकवर जाऊन खळग्यांत वाळून बसते. दुसरा संशय बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षारांवर. आयुधपूजेच्या आधी घाईघाईने पॉलिश मारलेल्या कित्येक गाड्यांची ‘उडालेली’ पट्टी प्रत्यक्षात पॉलिशनेच माखलेली असते. पॉलिश करताना कडेला मास्किंग टेप लावण्याचे कष्ट घेतले, तर ही आपत्ती टळते.

तेल, बूट पॉलिश आणि बाटलीतील औषधे

घरगुती उपायांत खोबरेल, इंजिनचे जुने तेल, रॉकेल, डिझेल, बूट पॉलिश आणि परदेशातून आलेली शेंगदाण्याच्या लोण्याची कल्पना यांचा समावेश होतो. ही सर्व द्रव्ये पाण्याचेच काम करतात, म्हणजे भेगा भरतात. पाण्यापेक्षा ती सावकाश उडतात एवढाच फरक. वनस्पती तेल हवेत चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि आठवड्याभरात गाडी पूर्वीपेक्षा मळकट दिसते. डिझेल, रॉकेल आणि पेट्रोल यांचा परिणाम अधिक वाईट आहे. पॉलिप्रॉपिलीन त्यांतील हायड्रोकार्बने शोषून फुगते, मिश्रणातील रबर तर अधिकच फुगते, आणि शेजारच्या काचेच्या रबरी पट्ट्या व पत्र्यावरील मेणही खराब होते. बूट पॉलिश पहिल्या जोरदार पावसात ओघळते.

बाजारात मिळणारी बहुतेक ड्रेसिंगे म्हणजे सिलिकोन तेलाचे पाण्यातील किंवा द्रावकातील मिश्रण. सिलिकोन तेलाचा अपवर्तनांक १.४० च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षाही प्लॅस्टिकच्या जवळ असतो. ते उडून जात नाही आणि उन्हाने सहसा बिघडत नाही. पाण्यावर आधारलेले ड्रेसिंग लावून जादा पुसून घेतले, तर काही धुण्यांपर्यंत काम भागते. ज्याला दर महिन्याला दहा मिनिटे देणे जड वाटत नाही, त्याच्यासाठी हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग आहे. दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. स्टिअरिंग, पेडल आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांना सिलिकोन लागू देऊ नये. वायपरजवळच्या जाळीवरही ते कमीत कमी लावावे, कारण पावसात ते समोरच्या काचेवर उतरले की रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश फाकतो.

सिलिकोनची खरी किंमत नंतर मोजावी लागते. ते एकदा भेगांत मुरले की पूर्णपणे काढणे कठीण असते आणि त्यावर कोणताही रंग किंवा लेप धड बसत नाही. रंगकाम करणारे कारागीर ज्याला ‘फिश आय’ म्हणतात, ते माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे रंगात उमटतात. त्यामुळे पुढे कायमस्वरूपी लेप देण्याचा विचार असेल, तर आधी वर्षभर ड्रेसिंग फासत राहणे शहाणपणाचे नाही.

लेपांचा वर्ग यापेक्षा वेगळा आहे. त्यांत वाळून घट्ट होणारी राळ असते, क्वचित काळा रंग आणि अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात. अलीकडे ‘सिरॅमिक’ या नावाने विकले जाणारे लेपही याच जातीचे. ते भेगा भरतात, त्यावर टिकाऊ पापुद्रा धरतात आणि महिनोन्महिने, प्रसंगी वर्ष-दोन वर्षे टिकतात. परंतु यशापयश बाटलीपेक्षा पूर्वतयारीवर अवलंबून असते. भाग साबणाने आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने दाण्यांच्या दिशेने व उलट दिशेने घासावा, फेस पांढरा येईपर्यंत धुवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पुसलेल्या फडक्याला काळे-राखाडी लागणे थांबेपर्यंत लेपाची बाटली उघडू नये. सुटा पापुद्रा तसाच ठेवून वर लेप दिला, तर लेप त्या पापुद्र्याला चिकटतो आणि त्याच्यासह निघून जातो. काम सावलीत करावे, कारण तापलेल्या भागावर लेप पसरण्याआधीच वाळून पट्टे उमटतात. पावसाळी हवेतही ते टाळावे.

उष्ण हवेची बंदूक

सर्वाधिक चमत्कारिक वाटणारा आणि सर्वाधिक गाड्या बिघडवणारा उपाय म्हणजे हॉट एअर गन. तिचा झोत फिरवत नेला की राखाडी पट्टी डोळ्यांदेखत काळी होत जाते. ‘आतले तेल वर येते’ असे त्याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. वस्तुतः मुख्य परिणाम वेगळाच आहे. वरचा भेगाळलेला थर वितळून सपाट होतो आणि हवेच्या सीमा नाहीशा होतात. तुटलेल्या साखळ्या मात्र पुन्हा जोडल्या जात नाहीत आणि संपलेले स्थिरक परत येत नाही. उलट उष्णतेने उरलेसुरले स्थिरकही खर्ची पडते. म्हणून हा काळेपणा काही महिने टिकतो आणि पुढच्या वेळी पट्टी आधीपेक्षा लवकर पांढरी पडते.

पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते. बंदुकीतून निघणारी हवा ५०० अंशांच्याही वर जाऊ शकते. झोत एका जागी क्षणभर जास्त थांबला, तर दाणेदार नक्षी बुजून तुळतुळीत डाग पडतो, त्याहून थोडा अधिक थांबला तर पट्टी वाकते आणि मागच्या क्लिपा सुटतात. शेजारचा रंग फुगण्याचा धोका वेगळाच. नक्षी एकदा गेली की ती कोणत्याही बाटलीने परत येत नाही. ड्रेसिंग किंवा द्रावक लावलेल्या भागावर बंदूक चालविणे तर आगीला आमंत्रण आहे. भंगारातून आणलेल्या तुकड्यावर हात बसलेला कारागीर ती सफाईने वापरतो, हे खरे. ज्याने ती प्रथमच हाती घेतली आहे, त्याने स्वतःच्या गाडीवर प्रयोग करू नये.

रंग देण्याचा मार्गही आहे, पण पॉलिप्रॉपिलीनला रंग सहजासहजी धरत नाही. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते, की त्यावर पाणी पसरण्याऐवजी थेंबांच्या रूपात उभे राहते, आणि रंगाचीही तीच गत होते. कारखान्यात रंगीत बंपरला आधी ज्योतीचा स्पर्श देऊन किंवा क्लोरिनयुक्त अस्तर लावून रंग धरण्याजोगे करतात. गॅरेजमध्ये त्यासाठी प्लॅस्टिक प्रायमर मिळतो. तो वगळून थेट काळा स्प्रे मारल्यास पहिल्याच दगडाच्या फटक्याने टवके उडतात. टवके उडालेली पट्टी पांढुरक्या पट्टीपेक्षा वाईट दिसते आणि तिच्यावरील रंग काढण्यासाठी थिनर वापरण्याचा मोह होतो, जो प्लॅस्टिकला आणखी हानिकारक ठरतो.

शोभेपलीकडे

जुनी मोटार विकत घेणाऱ्यांसाठी या माहितीला व्यावहारिक मोल आहे. विक्रीपूर्वी गाडीच्या काळ्या भागांवर ड्रेसिंग फिरवणे ही व्यापारातील नित्याची बाब असून त्यात बेकायदा काही नाही. परंतु त्यामुळे गाडी सावलीत राहिली की उन्हात, ही मोठी खूण झाकली जाते. खरेदीदाराने एखादा कोपरा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून पाहण्याची परवानगी मागावी. त्याचबरोबर उजव्या आणि डाव्या बाजूच्या पट्ट्यांची तुलना करावी. रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाडीची एक बाजू नेहमीच अधिक उतरलेली असते. एक पट्टी नवीकोरी आणि तिच्या शेजारची जुनी असेल, तर ती का बदलावी लागली याची चौकशी करणे रास्त ठरते.

कारखान्यांत हा प्रश्न गाडी बाजारात येण्याच्या खूप आधी तपासला जातो. प्लॅस्टिकचे नमुने अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दमट आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात महिनोन्महिने मांडून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. त्याशिवाय आयएसओ ४८९२ या मानकानुसार झेनॉन दिव्याच्या पेटीत प्रकाश, उष्णता व पाण्याचे फवारे यांचा मारा करून काही आठवड्यांत काही वर्षांचे वार्धक्य आणले जाते. भारतात पुण्यातील एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांची आणि त्यांच्या सुट्या भागांची तपासणी करते. १९६८ मध्ये चेन्नईत आरंभ झालेल्या सिपेट या केंद्रीय प्लॅस्टिक अभियांत्रिकी संस्थेचे एक केंद्र म्हैसूरमध्येही आहे, आणि या विषयातील कुशल मनुष्यबळ तेथे घडते. तथापि पेटीतील चाचणी आणि रस्त्यावरचे वास्तव यांत अंतर राहतेच. पेटीत कोणी पट्टीवर डिझेल चोळत नाही.

सावलीत गाडी उभी करणे हा सर्वांत परिणामकारक प्रतिबंध होय. झाडाची सावलीही चालते, मात्र पक्ष्यांची विष्ठा आणि चीक वेळीच धुवावा. कापडी आच्छादन घालायचे तर गाडी स्वच्छ असतानाच घालावे. धुळीवर घातलेले आच्छादन वाऱ्याने हलून काचकागदासारखे घासते. नव्या गाडीला पहिल्याच वर्षी लेप दिला, तर तो भेगा नसलेल्या पृष्ठभागावर बसतो आणि अधिक काळ टिकतो. पट्टी पांढरी पडल्यावर खर्च करण्यापेक्षा हा खर्च अधिक सार्थकी लागतो.

उपचाराची मर्यादा कोठे येते, तेही पाहावे लागते. नखाने दाबल्यावर भागाचा भुगा सुटत असेल, कडा तुटत असतील किंवा वाकवताच कडकन मोडत असेल, तर बिघाड वरच्या पापुद्र्यापुरता उरलेला नाही. समोरच्या काचेखालच्या, वायपरच्या बुडाशी असलेल्या जाळीच्या बाबतीत याकडे दुर्लक्ष करू नये. काचेवरून उतरणारे पावसाचे पाणी हीच जाळी बाजूच्या निचऱ्याकडे नेते. ती तडकली किंवा तिच्या कडेची रबरी पट्टी सुटली, तर पाणी वायपरच्या मोटरीवर आणि हवा आत घेणाऱ्या मार्गातून थेट गाडीत उतरू शकते. पायाखालची ओली सतरंजी आणि कुबट वास यांचे मूळ अनेकदा येथे सापडते. अशा जाळीला लेप न लावता जूनपूर्वी ती बदलून घ्यावी. बदलताना क्लिपाही नव्याच घ्याव्यात, कारण जुन्या क्लिपांनीही तेच ऊन तितकीच वर्षे सोसलेले असते आणि जाळी काढताना त्यांतील निम्म्या हमखास तुटतात.